सागवानी बाकाला रंगीत तेल लावून 14 महिने झाले

अंगणातला हा बाक बाबांनी जुन्या दाराच्या चौकटी चिरून केलाय. सागवान आहे, त्याला काय होतंय, असं सगळेच म्हणायचे. पहिल्या वर्षी त्याला चकचकीत पारदर्शक व्हार्निश मारलं आणि तो खरोखर देखणा दिसला. पुढच्या उन्हाळ्यात बसायच्या फळ्यांवर केसासारख्या भेगा आल्या, पावसात तिथून पाणी शिरलं आणि मग पपुद्रे सुटायला लागले. खाली लाकूड काळवंडलेलं. ते सगळं खरवडण्यात माझे तीन रविवार गेले. फार वाईट वाटलं, म्हणून पुन्हा ब्रश उचलण्याआधी चूक कुठे झाली ते नीट समजून घेतलं.

लाकडाचे तंतू एकमेकांना चिकटवून ठेवणारं लिग्निन उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटतं. पाऊस ते धुऊन नेतो आणि वर करडा पडलेला पृष्ठभाग उरतो. हा थर मिलिमीटरभरही जाड नसतो, खालचं लाकूड ठणठणीत असतं. पारदर्शक व्हार्निशमधून हे किरण आत पोचतात, त्यामुळे वरचा थर शाबूत दिसत असतानाच त्याच्या खालची पकड सुटत जाते. त्यात लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं, सुकलं की आकसतं. कडक थराला तेवढं ताणणं जमत नाही.

म्हणून यावेळी तपकिरी रंगद्रव्य असलेलं, लाकडात मुरणारं तेल घेतलं. ऊन अडवतं ते रंगद्रव्य, नुसतं तेल नाही. आधी 80 नंबरचा, मग 120 चा पॉलिश पेपर मारला. त्याहून गुळगुळीत केलं तर तेल कमी मुरतं. दोन पातळ हात दिले आणि प्रत्येक वेळी 15-20 मिनिटांनी वर राहिलेलं तेल फडक्यानं पुसून घेतलं. एका ठिकाणी पुसायचं राहिलं, तर तो भाग दोन आठवडे चिकट होता आणि त्यावर धूळ बसली. शेवटी टर्पेंटाइननं साफ करावा लागला.

खरा फरक पडला तो पायांमुळे. लाकडाचं कापलेलं टोक पाणी नळीसारखं वर ओढतं, फळीच्या सपाट बाजूपेक्षा कितीतरी जास्त. बाक उलटा केला आणि पायांच्या तळाला तेल पिणं थांबेपर्यंत लावत राहिलो, पाच वेळा. खाली रबराचे तुकडे ठोकले. पूर्वी पाय चार बोटं उंचीपर्यंत काळे पडायचे. या पावसाळ्यात एकही पडला नाही. वेळ कमी असेल तर फळ्या राहू द्या, पण टोकं सोडू नका.

सहा महिन्यांनी फळीवर पाण्याचे थेंब अजून गोळा होऊन राहत होते. अकराव्या महिन्यात ते पसरून मुरायला लागले आणि रंगही फिकटला, पण फक्त बसायच्या जागी. पाठ उभी असल्यानं तिला काहीच झालं नव्हतं. मऊ ब्रशनं साबणपाण्यात धुतलं, दोन दिवस वाळवलं, एक हात दिला. खरवडणं नाही, म्हणून मी आता व्हार्निशकडे परत जाणार नाही.

मध्ये प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळून पाहिला होता. दहा दिवसांत आत बुरशी आली, कारण ओल बाहेर पडायला वाटच नव्हती. झाकायचंच तर हवा खेळणारं कापड, तेही खाली मोकळं सोडून.

तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका, हे कळकळीनं सांगतो. जवसाचं तेल, म्हणजे सुतारांचं बेलतेल, वाळताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मी ती बाहेर एकेक पसरून पूर्ण वाळवतो, मगच टाकतो.

दोन जुन्या लोखंडी स्क्रूंभोवतीचे काळे डाग मात्र तेलाखालूनही दिसतात. लोखंड ओल्या सागवानातल्या टॅनिनशी मिळून असे डाग पाडतं. आता तिथे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बसवलेत. पुढचा हात देण्याआधी ते डाग ऑक्सॅलिक ॲसिडनं काढून बघणार आहे, हातमोजे घालून.