लिंक मागण्याची वेळ कशी ओळखावी: सर्च कन्सोलचा काही महिन्यांचा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या घरच्या यंत्रमाग कारखान्याची वेबसाइट गेल्या पावसाळ्यात सुरू झाली आणि तेव्हापासून गूगल सर्च कन्सोल हे, गूगलच्या शोधात आपली वेबसाइट कशी दिसते ते दाखवणारे, विनामूल्य साधन मी नियमितपणे वापरत आहे. चादरी आणि टेरी टॉवेल एवढाच आमचा माल. नवी वेबसाइट काढलेले बाजारपेठेतले ओळखीचे व्यापारी एकच प्रश्न विचारतात, की बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्यांच्या वेबसाइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक, मिळवायला केव्हा लागायचे. माझ्या अनुभवाने या प्रश्नाचे उत्तर महिने मोजून देता येत नाही. ते प्रत्येक पानागणिक वेगळे असते आणि ते पाहण्याची सोय या साधनात आहे.

जोडणी सोपी आहे. डोमेन जिथून घेतले त्या पॅनेलमध्ये डीएनएसची (डोमेनच्या पत्त्याच्या नोंदींतली) एक टीएक्सटी, म्हणजे मजकुराची, नोंद टाकली की मालकीची पडताळणी होते, त्यानंतर साइटमॅप, म्हणजे वेबसाइटच्या पानांची यादी, द्यायचा. पक्के आकडे मात्र दोनेक दिवस मागे चालतात, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ उघडून बसण्यात काही अर्थ नाही.

सुरुवातीच्या आठवड्यांत सर्वाधिक उपयोग झाला तो ‘पेजेस’ या अहवालाचा. मुखपृष्ठ लवकर इंडेक्स झाले, म्हणजे गूगलच्या शोधसूचीत आले, परंतु मालाची बरीचशी पाने ‘डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ या सदरात अडकून राहिली; म्हणजे गूगलला पत्ता कळला होता, पण त्याने अजून पान उघडून पाहिले नव्हते. याच्या शेजारचे ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ हे सदर वेगळे आहे, कारण तिथे गूगल येऊन पान वाचून गेलेला असतो आणि तरीही त्याने ते ठेवून घेतलेले नसते. पहिल्या स्थितीत बाहेरच्या दोन-चार खऱ्या लिंक उपयोगी पडतात, कारण गूगल नव्या पानांपर्यंत बहुतेक वेळा लिंक धरूनच पोहोचतो. दुसऱ्या स्थितीत आधी पानावरचा मजकूर सुधारावा लागतो. आमची काही पाने या दुसऱ्या सदरात होती आणि ती पाहिल्यावर कारण विचारावे लागले नाही: रंग तेवढा बदललेला आणि वर्णन तेच, अशी ती पाने होती.

म्हणून लिंकांचे मी दोन भाग करतो. ज्यांच्याशी व्यवहार आधीपासूनच आहे, म्हणजे सूत पुरवणारा व्यापारी, उत्पादकांची संघटना किंवा आपला माल ठेवणारा परगावचा दुकानदार, त्यांच्या वेबसाइटवर आपले नाव आणि पत्ता असावा, आणि त्यासाठी थांबण्याचे काहीच कारण नाही. अनोळखी माणसाकडे लिंक मागायची असेल, तर त्याच्या वाचकाला उपयोगी पडेल असे निदान एक पान आपल्यापाशी असले पाहिजे.

आमच्याकडे ते पान टॉवेलच्या वजनाचे निघाले. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट येथील लॉजवाले टॉवेल घेताना जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन विचारतात, पण हातात तराजू आला की गोंधळतात. 30 बाय 60 इंचांचा टॉवेल 400 जीएसएमचा असेल तर तो सुमारे 465 ग्रॅम भरला पाहिजे आणि 500 जीएसएमचा असेल तर सुमारे 580 ग्रॅम. वेगवेगळ्या मापांसाठी असा तक्ता करून तो वेबसाइटवर ठेवला. काही आठवड्यांनी ‘परफॉर्मन्स’ अहवालात त्या पानाला टॉवेलच्या जीएसएमविषयीच्या शोधांवर इम्प्रेशन (शोधनिकालांत पान दिसल्याची नोंद) दिसू लागली. क्लिक जवळजवळ नव्हते आणि सरासरी स्थान शोधनिकालांच्या चौथ्या-पाचव्या पानावरचे होते. लिंक मागण्याची वेळ मी हीच समजतो. पान कशाविषयी आहे हे गूगलला उमगलेले आहे, त्याला वर घ्यावे असे मात्र अजून वाटलेले नाही, अशी ती अवस्था असते. ‘सोलापुरी चादर’ या शोधावर आम्ही त्या काळात मुळीच जोर लावला नाही, कारण भौगोलिक मानांकन असलेल्या या नावावर जुन्या आणि मोठ्या वेबसाइट ठाण मांडून बसलेल्या आहेत.

बाहेर विचारण्यापूर्वी ‘लिंक्स’ अहवालातील अंतर्गत लिंकांचा तक्ता जरूर पाहावा. आमच्या टॉवेलच्या तक्त्याच्या पानाकडे आमच्याच वेबसाइटवरून फक्त एक वाट जात होती. टॉवेलच्या प्रत्येक पानावरून तिकडे लिंक दिली, ती गूगलच्या नजरेस येईपर्यंत थांबलो आणि मगच हॉटेल व्यवसायाविषयी लिहिणाऱ्यांना पत्रे पाठवली. उत्तरे थोडी आली, पण जी आली ती कामाची होती.

याच सुमारास व्हॉट्सअॅपवर ‘हाय डीए’ लिंकांची दरपत्रके येत होती. डीए (डोमेन ऑथॉरिटी) हे मॉझ या कंपनीचे स्वतःचे मोजमाप आहे; सर्च कन्सोलमध्ये असा आकडा कुठेही दिसत नाही. क्रमवारी वाढवण्यासाठी लिंक विकत घेणे गूगलच्या नियमांत बसत नाही. अशा लिंकांविरुद्ध 2012 मध्ये आलेली गूगलची पेंग्विन ही सुधारणा 2016 मध्ये मूळ प्रणालीचा भाग झाली आणि डिसेंबर 2022 पासून स्पॅमब्रेन ही यंत्रणा अशा लिंकांचा परिणाम काढून टाकण्यासाठी वापरली जाऊ लागली. एवढे माहीत असताना गल्ल्यातले पैसे त्यावर घालवण्याची इच्छा होत नाही.

परिणाम तपासताना ऋतूचे भान ठेवावे लागते. थंडी लागली की चादरींचे शोध आपोआप वाढतात आणि जानेवारीत सोलापुरात गड्ड्याची यात्रा असते. त्या दिवसांत चादरीच्या पानांवर झालेली वाढ लिंकांच्या खात्यावर मांडणे चुकीचे ठरेल. टॉवेलच्या तक्त्याला ऋतू नाही, त्यामुळे माझा भरवसा त्या पानाच्या आकड्यांवर अधिक आहे. ते हळूहळू शोधनिकालांच्या दुसऱ्या पानापर्यंत आले आणि लॉजवाल्यांकडून चौकशीचे फोनही येऊ लागले.

साधनाच्या उणिवाही आहेत. ‘लिंक्स’ अहवाल संपूर्ण यादी देत नाही, नमुना देतो. नोफॉलो लिंक (जिला क्रमवारीसाठी धरू नये असे गूगलला सांगितलेले असते) वेगळी दाखवत नाही आणि एखादी लिंक निघून गेली तर तसे कळवत नाही. पडद्यावरच्या तक्त्यात तारीख नसते, ‘लेटेस्ट लिंक्स’ची फाइल उतरवून घेतली तरच ती मिळते. क्वचित होणारे शोध गोपनीयतेसाठी झाकले जातात, त्यामुळे लहान वेबसाइटच्या यादीत बरीच पोकळी राहते. शिवाय शोधांचे आकडे 16 महिनेच मागे जातात. एका हिवाळ्याची तुलना पुढच्या हिवाळ्याशी तेवढ्यात कशीबशी होते, तिसऱ्याशी होत नाही. म्हणून दर महिन्याच्या सुरुवातीला मी ‘परफॉर्मन्स’ आणि ‘लिंक्स’ हे दोन्ही अहवाल उतरवून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो.