नागडेपणासाठी नाही, शेवटच्या गावसभेसाठी पाहा ही डॉक्युमेंट्री

2012 ची डॉक्युमेंट्री आहे, पोलंडच्या मिखाल मार्चाक या दिग्दर्शकाची. नावातच शिवी आहे म्हणून इथं लिहत नाही, पण विषय टाकून शोधली तं लगेच सापडते. नॉर्वेत 2004 च्या आसपास सुरू झालेल्या एका ग्रुपवर ती आहे, नंतर तो ग्रुप बर्लिनला गेला. हे लोक स्वतःचे अन् ओळखीपाळखीच्यांचे नागडे फोटो, सेक्सचे व्हिडिओ वेबसाइटवर टाकतात, पाहणाऱ्याकडून वर्गणी घेतात अन् तो पैसा जंगल वाचवायला वापरायचा, असं यांचं काम. पहिले नॉर्वे सरकारनं पण थोडी मदत दिली होती. मग 2004 मध्येच क्रिस्तियानसांदच्या म्युझिक फेस्टिव्हलमध्ये स्टेजवर सगळ्या पब्लिकसमोर सेक्स केला, दंड भरावा लागला.

फॅमिलीसोबत अजिबात पाहू नका, पोरांसमोर तं नाहीच. एकट्यानं पाहा.

पहिला अर्धा भाग बर्लिनचा, रस्त्यावर लोकांना पकडून पकडून विचारणं, कपडे काढता का जंगलासाठी, नाचगाणी, एकमेकांत भांडणं, मला हा भाग लांबला असं वाटलं. पण एक गोष्ट सांगतो, हे लोक लबाड नाहीत, स्वतः फाटके राहतात, जंगलासाठी जीव तुटतो त्यांचा, ते चेहऱ्यावर दिसते अन् डायरेक्टरनं पण त्यांची टिंगल केली नाही, ते मला लय आवडलं. यांचा पैसा मोठ्या संस्था घेईनात, डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्ग वाचवणाऱ्या जागतिक संस्थेनं तं सरळ नाही म्हटलं. मग आपणच जाऊन आदिवासींना मदत करू म्हणून हे निघतात अमेझॉनला, अन् खरी डॉक्युमेंट्री तिथून सुरू होते.

गावात सभा भरते. हे पाहुणे सांगून राहिले आम्ही तुमचं जंगल वाचवायला आलो, अन् समोर बसलेले लोक ऐकून राहिले, पण विश्वास कोणाच्याच तोंडावर नाही. बाहेरून येऊन गोड बोलणारे त्यांनी पहिलेही पाहिलेले. शेवटी ते या लोकांना नकारच देतात. हा सीन मी थांबवून थांबवून पाहिला, काहून का आमच्या गडचिरोलीकडं राहणाऱ्याला असली सभा नवीन नाही.

गाव स्वतः बसून कसं ठरवते ते पाहायचं तं धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाचंच घ्या ना. 2009 मध्ये वनहक्क कायद्यात त्यांना 1800 हेक्टरच्या वर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून तिथं अभ्यास गट चालू होते, निर्णय बहुमतानं नाही तं सगळ्यांच्या सहमतीनं, एक जण जरी नाही म्हटला तरी पुन्हा बसायचं. आमच्या गावात आम्हीच सरकार हे ते असंच म्हणत नव्हते. 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हातात द्यायला मुख्यमंत्री अन् केंद्रातले पर्यावरण मंत्री गावात आले होते.

अन् चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव, त्यांनी तं तेंदूपत्ता, म्हणजे बिडीचं पान तोडणंच बंद केलं. ज्यांनी मे महिन्याच्या उन्हात पत्ता तोडला त्यांना विचारा हे किती मोठं आहे. पहाटे अंधारात जंगलात जायचं, दुपारी घरी येऊन अख्ख्या घरानं बसून 70-70 पानांचे पुडके बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पत्ता विकत घेतात तिथं, नेऊन मोजून द्यायचे, बोटं काळी पडतात, पण पावसाळ्याआधी हातात नगदी पैसा येतो तो हाच. तो पैसा पाचगावनं सोडला, कारण पत्ता चांगला फुटावा म्हणून झाडं छाटतात, आगी लावतात, मग टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, खायला ना माणसाला राहत ना पाखरांना. बांबूवर गाव चालवू म्हणाले अन् चालवलं. हे कोणी बाहेरच्यानं ठरवून दिलं नाही, गाव बसलं, बोललं, मग ठरलं.

म्हणून मला त्या ग्रुपचा राग नागडेपणाचा नाही, पैसा कसा जमवला तो त्यांचा प्रश्न, कोणाला लुटून तं आणला नाही. पण पैसा पहिले जमा केला अन् तुम्हाला काय पाहिजे हे गावाला सगळ्यात शेवटी विचारलं, तिथं ते हरले. आपल्याकडं चांगले कपडे घालून, गाडीतून उतरून, प्रोजेक्ट अगोदरच छापून आणणारे पण हेच करतात, फक्त त्यांच्यावर कोणी डॉक्युमेंट्री काढत नाही.

पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कापला कारण त्या गावच्या लोकांचं बोलणं लय कमी ठेवलं, कॅमेरा सारखा पाहुण्यांच्याच मागं. त्या गावाला स्वतःच्या जंगलाचं काय करायचं होतं ते मला ऐकायचं होतं. ग्रामसभेत काम करणाऱ्या पोरापोरींनी अन् एनजीओत नवीन लागलेल्यांनी बर्लिनचा भाग पळवला तरी चालेल, अमेझॉनचा भाग मात्र पूर्ण पाहा. थोडीफार इंग्रजी समजत असली की भागते.