लँडसॅटचं तयार पृष्ठतापमान: कोरड्या मुलखात बाष्पोत्सर्जनासाठी कितपत कामाचं?

लँडसॅट उपग्रहांच्या कलेक्शन 2 मधलं लेव्हल 2 पृष्ठतापमान, म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागाचं तयार तापमान, फुकट मिळतं आणि थर्मल बँडवर वातावरणाची दुरुस्ती स्वतः करण्याचा खटाटोप वाचवतं. ओलिताच्या शेतांसाठी ते बिनधास्त वापरावं. उघडं माळरान आणि विरळ झुडपांच्या वाळवंटासाठी मात्र हात राखून. तिथे तापमानापेक्षा हिशोबच जास्त दगा देतो.

सेबल किंवा मेट्रिक, यांपैकी कुठलंही मॉडेल घ्या, बाष्पोत्सर्जन (माती आणि पिकांतून वाफ होऊन जाणारं पाणी) थेट मोजलं जात नाही. निव्वळ प्रारणातून (जमिनीला मिळणाऱ्या निव्वळ किरण-ऊर्जेतून) जमिनीत जाणारी आणि हवा तापवणारी उष्णता वजा केली की जी शिल्लक राहते, ती बाष्पोत्सर्जनाची. समजा, सकाळी कोरड्या मातीवर निव्वळ प्रारण 500 वॅट प्रति चौ.मी. आहे, 130 मातीत गेले, 340 हवेत, उरले 30. हवेच्या आकड्यात दहा टक्के चूक झाली की उत्तर दुप्पट तरी होतं, नाहीतर शून्याखाली जातं. भरल्या शेतात हवेकडे 100 आणि पिकाकडे 440 जात असतील, तर तेवढ्याच टक्क्यांच्या चुकीने उत्तर जेमतेम दोन टक्के हलतं.

फाइल उघडल्यावरची पहिली ठेच म्हणजे मापांक. एसटी_बी10 या पृष्ठतापमानाच्या बँडमधल्या आकड्याला 0.00341802 ने गुणून 149 मिळवले की केल्विन मिळतात; 47000 म्हणजे 309.65 केल्विन, सुमारे 36.5 अंश सेल्सिअस. 0 म्हणजे माहिती नाही, तो आधी वगळा. परावर्तनाच्या बँडांचे मापांक वेगळे आहेत: 0.0000275 ने गुणायचं आणि 0.2 वजा करायचे. इथे गल्लत झाली की अल्बेडो (जमीन किती प्रकाश परतवते ते प्रमाण) बिघडतो, आणि पुढचं सगळंच.

पिक्सेल 30 मीटरचा दिसतो, पण लँडसॅट 8 आणि 9 चा थर्मल संवेदक मुळात 100 मीटरचा आहे. छोट्या शेताच्या तापमानात बांधापलीकडची तापलेली माती मिसळलेली असतेच. म्हणून थंड पिक्सेल (मॉडेलचा भरपूर बाष्पोत्सर्जनाचा संदर्भबिंदू; त्याच्या उलट, जवळपास कोरडा तो गरम पिक्सेल) निदान 300 मीटर रुंदीच्या, पूर्ण झाकलेल्या शेताच्या मधोमध निवडावा.

तापमानातली खरी कमजोर कडी एमिसिव्हिटीची, म्हणजे पृष्ठभाग किती कार्यक्षमतेने उष्णता बाहेर टाकतो त्या गुणाची. ती 2000 ते 2008 मधल्या ॲस्टर या उपग्रह-संवेदकाच्या निरीक्षणांच्या सरासरी नकाशातून येते. हिरवळीनुसार तिच्यात फेरफार होतो, एवढंच. तिच्यात 0.01 ची चूक म्हणजे तापमानात साधारण अर्धा अंश. वाळू, खडक आणि पावसाने भिजलेली माती यांच्यात असा फरक सहज पडतो. त्या नकाशात भोक असेल तर तापमानातही भोक पडतं. संपूर्ण दृश्यभर सारखी असलेली दीड-दोन अंशांची चूक मेट्रिक बरीचशी पचवतं, कारण गरम आणि थंड पिक्सेलमध्ये रेषा ओढताना ती आत जिरते. जागोजागी बदलणारी चूक जिरत नाही. एसटी_क्यूए या गुणवत्तेच्या बँडला 0.01 ने गुणून प्रत्येक पिक्सेलची अनिश्चितता केल्विनमध्ये पाहता येते. ही सोय उत्तम आहे आणि लोक ती उघडतसुद्धा नाहीत.

ढगाळ पिक्सेल झाकणारा तयार मुखवटा चकचकीत वाळूचे ढिगारे आणि मिठागरांना ढग समजतो, तर विरळ ढग सोडून देतो. डोळ्यांनी तपासण्याला पर्याय नाही.

गरम पिक्सेल म्हणून सर्वांत तापलेला खडक किंवा वाळूचा ढिगारा घेऊ नका. 0.1 ते 0.2 एनडीव्हीआय (हिरवळीचा निर्देशांक) असलेली कोरडी, पडीक शेतजमीन घ्या. नुकताच पाऊस झाला असेल तर तिथेही बाष्पीभवन शून्य धरू नका. वरच्या थराचा पाण्याचा ताळेबंद मांडून उरलेलं बाष्पीभवन काढा. नकाशावर ऋण आकडे आले तर गुपचूप शून्य करण्याआधी ते कुठे आहेत बघा. विरळ झुडपांत असतील तर उपग्रहाला झुडपांमधली तापलेली मातीच जास्त दिसते आहे. तिथे माती आणि पान वेगळे धरणारं द्विस्रोत मॉडेल बरं. फक्त ते हवा आणि पृष्ठभागाच्या तापमानांतला थेट फरक वापरत असेल, तर दृश्यभरची तीच चूक आता अंगाशी येते.

दिवसाच्या बेरजेसाठी सकाळचं बाष्पन-गुणोत्तर (उपलब्ध ऊर्जेतला बाष्पोत्सर्जनाचा वाटा) दिवसभर कायम धरलं, तर वाळवंटातल्या ओलितावर आकडा कमी येतो, कारण दुपारी आजूबाजूची गरम हवा पिकाला जादा ऊर्जा पुरवते. त्याऐवजी लसूणघासाच्या संदर्भ-बाष्पोत्सर्जनाशी (भरपूर पाणी मिळालेल्या लसूणघासाचं, हवामानावरून काढलेलं बाष्पोत्सर्जन) असलेलं प्रमाण वापरा. हवामान केंद्र मात्र ओलिताच्या हिरवळीत हवं. उजाड आवारातलं केंद्र हवा जास्त कोरडी आणि गरम दाखवतं, आणि संदर्भाचा आकडाच फुगतो.

लँडसॅट 8 आणि 9 मिळून दर 8 दिवसांनी एक चित्र देतात. मधले दिवस भरताना मिलिमीटर जोडू नका, तेच प्रमाण जोडा आणि रोजच्या संदर्भाने गुणा. मोडिस या उपग्रह-संवेदकाचं तयार बाष्पोत्सर्जन, एमओडी16, हा पर्याय इथे चालत नाही: त्यात पृष्ठतापमान वापरलेलंच नाही, त्यामुळे ओलीत नीट दिसत नाही, आणि उजाड वाळवंटाच्या पिक्सेलला तर आकड्याऐवजी नुसता संकेतांक मिळतो.