सहा सिटिंग, एक खुर्ची आणि माझी कंबर

मी दांडिया बाजारात पंचवीस वर्षं शिलाई करते. ब्लाउज आणि फॉल-पिको बाराही महिने, आणि गणपती उठले की चणिया-चोळी. बडोद्याची नवरात्र ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. त्याआधीचे पंधरा-वीस दिवस मी रोज बारा-चौदा तास मशीनवर असते. मोठ्या घेराचा, आभल्यांनी भरलेला चणिया पाच किलोच्या वर जातो. बसल्या जागी कंबर वळवून तो उचलायचा आणि बाजूच्या पाटावर टाकायचा, हे दिवसभर चालू. गेल्या वर्षी घट बसायच्या आदल्या सकाळी दात घासायला वाकले आणि अशी उसण भरली की बेसिन धरून तिथेच उभी राहिले. उजव्या मांडीच्या मागून पोटरीपर्यंत कळ जात होती.

हे लिहिते आहे ते एका कायरोप्रॅक्टिक केंद्राबद्दल, म्हणजे जिथे हाताने झटका देऊन सांधे आणि मणके मोकळे करतात. पण आधी मी दुसऱ्याच एका ठिकाणी गेले होते. नाव लिहीत नाही. तिथे ना विचारपूस झाली, ना तपासणी. पाच मिनिटांत मान आणि कंबर कडकडवली, वीस सिटिंगचे पैसे आगाऊ मागितले आणि सांगितलं, मणके जागेवर बसले की तुमची शुगरची गोळीपण सुटेल. दोन दिवस हलकं वाटलं, तिसऱ्या दिवशी कळ पहिल्यापेक्षा जास्त. नंतर भाच्याने ओल्ड पादरा रोडवरचं हे केंद्र सुचवलं. आता माझ्या सहा सिटिंग पूर्ण झाल्या आहेत, म्हणून लिहिते आहे.

पहिल्या दिवशी पन्नास मिनिटं लागली आणि त्यात कडकडवणं शून्य. डॉक्टर तिशीतले आहेत, फिजिओथेरपीची पदवी घेऊन मग कायरोप्रॅक्टिक शिकलेले. गुजरातच्या फिजिओथेरपी कौन्सिलचं नोंदणीपत्र भिंतीवर लावलं आहे. हे मी मुद्दाम पाहिलं, कारण आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकची वेगळी सरकारी परिषद नाही आणि पाटी कोणीही लावू शकतो. त्यांनी मला टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर. पाठीवर झोपवून गुडघा न वाकवता पाय उचलला आणि कळ कुठे सुरू होते ते टिपून घेतलं. गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. मग आवाज खाली करून विचारलं, "बेन, लघवी अडते का, न कळत होते का? बसण्याच्या जागी बधिरपणा?" मी नाही म्हटलं तेव्हा त्यांनी समजावलं की यातलं काही झालं किंवा पाऊल लुळं पडायला लागलं, तर इथे यायचं नाही, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जायचं. ताप, कारण नसताना घटलेलं वजन, रात्री झोपूनही न थांबणारं दुखणं, हेही विचारलं. आधीच्या ठिकाणी यातला एकही प्रश्न आला नव्हता.

शुगरचं मी स्पष्टच विचारलं. ते म्हणाले, गोळी तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाही, मणक्याचा तिच्याशी संबंध नाही. कायरोप्रॅक्टिकची ही पद्धत 1895 साली अमेरिकेत आयोवातल्या डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी सुरू केली. बहुतेक सगळ्या रोगांचं मूळ सरकलेल्या मणक्यात असतं असं ते मानत. या डॉक्टरांना ते मान्य नाही. "मी कंबर आणि सांधे बघतो, बाकी नाही," एवढं एक वाक्य ऐकून माझा विश्वास बसला.

दुसऱ्या सिटिंगला कुशीवर झोपवून कंबरेला झटका दिला. टक्क आवाज आला. मला वाटलं मणका बसला. त्यांनी लगेच सांगितलं, काही सरकलं नव्हतं आणि काही बसवलंही नाही. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो, सांधा झटकन ताणला की दाब उतरून त्यात वायूची पोकळी तयार होते, तो हा आवाज. आवाज आला म्हणजे गुण आला असं नाही. दोन वेळा आवाज आलाच नाही, तरी उठल्यावर वाकणं सोपं झालं होतं.

मानेचं मात्र त्यांनी साफ नाकारलं. मला मधून मधून चक्कर येते हे त्यांच्या कागदावर होतं. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतून वर जातात, झटक्याने त्यांना इजा झाल्याच्या घटना क्वचित पण गंभीर आहेत, तेव्हा मानेला व्यायाम आणि शेक, एवढंच. हाताने हाडं बसवणं बडोद्याला नवीन नाही. आमच्या दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रोफेसर माणिकराव त्यात निष्णात होते आणि आमचे आजोबा त्यांचं नाव आदराने घ्यायचे. पण या केंद्रात जे केलं नाही, त्याची किंमत मला जास्त वाटते.

सासूबाई माझ्याबरोबर आल्या होत्या, वय शहात्तर. मोबाइलवर पाहिलं होतं, म्हणून त्यांनीही पाठ मोकळी करून मागितली. डॉक्टर म्हणाले, "बा, आधी हाडांची तपासणी करा, मग बघू." हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये टी-स्कोअर उणे 2.8 आला. उणे 2.5 किंवा त्याखाली म्हणजे हाडं ठिसूळ. त्यांनी सासूबाईंना हात लावला नाही, फी घेतली नाही, हाडांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. आधीच्या ठिकाणच्या माणसाने त्यांना झटका दिला असता तर काय झालं असतं, या विचाराने मला अजून कसंतरी होतं.

आता शिवणकाम करणाऱ्या माझ्या मैत्रिणींसाठी. तिसऱ्या सिटिंगच्या आधी त्यांनी मला मशीनवर बसलेला माझाच व्हिडिओ बाजूने काढून आणायला सांगितला. तो बघून आम्ही दोघं अर्धा तास बोललो. स्टूल बुटकं, पाठीला टेकू नाही, पायडल उजवीकडे सरकलेलं म्हणून खुबा तिरका, आणि उजेड मागून येत असल्याने सुईत बघायला मी नाक कापडाला टेकवते. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो, ते पुढे झुकलं की मान आणि पाठ दोघींना ते ओढून धरावं लागतं. मी साडेतीनशे रुपयांचा एलईडी दिवा सुईजवळ लावला, पायडल मधोमध आणलं, टेबलाच्या मागच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे घातले म्हणजे मशीन माझ्याकडे कललं आणि वाकायला लागत नाही. टेकूची उंच खुर्ची घेतली. कटिंग जमिनीवर बसून करायचे, ते आता कोपराच्या उंचीच्या टेबलावर उभ्याने. चणिया उचलताना आधी उठून पूर्ण वळते, मग उचलते. आणि नियम एकच, बॉबिन संपली की उठायचं. बॉबिन भरायचा चकरा मशीनपासून चार पावलं लांब ठेवला आहे.

सकाळचीही एक गोष्ट. मणक्यांमधल्या गाद्या रात्री आडवं पडल्यावर पाणी शोषून फुगतात, म्हणून उठल्या उठल्या वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो. दिवसा दाबाने ते पाणी थोडं निघतं आणि संध्याकाळी आपण किंचित बुटके होतो. टेप माझ्या गळ्यातच असतो, मी चौकटीवर खूण करून सकाळ-रात्र उंची मोजली. सव्वा सेंटिमीटरचा फरक! तेव्हापासून पहिला तासभर मी वाकायचं काम करत नाही, दात उभ्यानेच घासते.

पहिल्या भेटीचे आठशे, पुढे प्रत्येकी पाचशे रुपये घेतले, दरवेळी झालं तेवढेच. पाच आठवड्यांत पायातली कळ गेली. अशी उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपही उतरते, हे त्यांनीच मला सांगितलं, तेव्हा सगळं श्रेय झटक्यांना देणार नाही. घरचे व्यायाम (पाठीवर झोपून कंबर उचलणं, रांगत्या अवस्थेत उलट हात-पाय लांब करणं) आणि कमाटीबागेतलं वीस मिनिटांचं चालणं अजून रोज चालू आहे. सातवी सिटिंग मागितली तर म्हणाले, गरज नाही.

एक तक्रार आहे. केंद्र पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि जिन्याचा कठडा एकाच बाजूला. पहिल्या दिवशी मी प्रत्येक पायरीवर थांबत चढले. फोन केला तर त्यांच्याकडे काम करणारी मुलगी खाली येऊन हात धरते, पण कंबरेच्या पेशंटसाठी तळमजल्यावर एक खोली हवीच. हे मी त्यांनाही सांगितलं आहे.