१४ नंबरची जर्सी घ्यायचीय: क्रायफची की ऑन्रीची?

१० आणि ७ नंबरबद्दल मी काही बोलणार नाही. ज्याला मेस्सी पाहिजे तो मेस्सीच घेणार आणि ज्याला रोनाल्डो पाहिजे तो कुणाच्या बापाचं ऐकणार नाही, तिथं सल्ला देऊन उपयोग नसतो. १४ वाले मात्र विचार करत बसतात. आमच्या टर्फच्या ग्रुपमधल्या एकानं विचारलं, रेट्रो जर्सी घ्यायचीय, १४ नंबर फिक्स आहे, फक्त सत्तरच्या दशकातल्या हॉलंडच्या क्रायफची ऑरेंज घेऊ का फ्रान्सच्या ऑन्रीची, इंग्लंडच्या आर्सेनल क्लबवाली, तेवढं सांग. मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि ते एवढं वाढलं की म्हटलं आता नीट लिहूनच काढू. दोन्ही माझ्याकडे आहेत, दोन्ही घालून घाम गाळून झालाय. त्यामुळे थोडंफार बोलायचा हक्क आहे असं धरून चाला.

योगायोग म्हणजे दोघांनाही हा नंबर ठरवून मिळालेला नाही. क्रायफचा नेहमीचा नंबर ९. ३० ऑक्टोबर १९७० ला त्याच्या आयाक्स क्लबच्या पीएसव्हीविरुद्धच्या मॅचआधी ड्रेसिंग रूममध्ये टीममधल्याच गेरी म्युरनला त्याची जर्सी सापडेना, तर क्रायफनं आपली ९ नंबरची त्याला देऊन टाकली आणि टोपलीत हात घालून जी मिळाली ती घातली, ती निघाली १४. त्या काळात पहिले अकरा जण १ ते ११ घालायचे, १४ म्हणजे बाकावर बसणाऱ्याचा नंबर. आयाक्स जिंकलं, मग पुढच्या मॅचलाही तीच जर्सी. ऑन्रीचंही तसंच. फ्रान्सकडून तो १२ घालायचा, १९९९ ला युव्हेंटसमधून आर्सेनलला आला तेव्हा तिथं १२ मोकळा नव्हता, म्हणून १४. तेव्हा नंबराच्या जन्मकथेत दोघं बरोबरीत, जरा क्रायफची जास्त मजेदार एवढंच.

आता खेळ. इथं मी प्रामाणिकपणे सांगतो की सामना सरळ नाहीये, कारण ऑन्रीला मी लाइव्ह बघितलंय. शनिवारी रात्री ईएसपीएन नाहीतर स्टार स्पोर्ट्स लावायचं, घरच्यांना त्रास नको म्हणून आवाज बारीक, आणि वाट बघत बसायचं की हा डावीकडं कधी सरकतोय. डावीकडून बॉल घेऊन आत यायचं, अंग जरा उघडायचं आणि उजव्या पायाच्या आतल्या बाजूनं लांबच्या पोस्टकडं नुसता ढकलून द्यायचा. गोलकीपरला माहीत असायचं, डिफेंडरला माहीत असायचं, आम्हाला इथं कोल्हापुरात बसून माहीत असायचं, तरी जायचाच. २००३-०४ च्या सीझनला तर काय बोलायचं, ३८ पैकी २६ जिंकल्या, १२ ड्रॉ, हार एकही नाही, आणि लीगमध्ये ह्याचे एकट्याचे ३० गोल. ऑक्टोबर २००० चा मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा तो गोल आठवा, गोलकडं पाठ, बॉल पायावर वर उडवला आणि वळून गोलकीपर बार्थेझच्या डोक्यावरून आत. आजही कुणी व्हिडिओ पाठवला की मी हातातलं काम टाकून बघतो.

क्रायफला मी व्हिडिओतच बघितलंय, तेही ते धुरकट, कॅमेरा लांब, बॉल कधी दिसतो कधी नाही. पण गंमत अशी की क्रायफ त्या धुरकट व्हिडिओतही ओळखू येतो. बॉल त्याच्याकडं नसताना तो हात लांब करून इतरांना जागा दाखवत असतो, तू तिकडं जा, तू मागं ये. नावाला सेंटर फॉरवर्ड पण उभा असतो कुठंही. १९७४ ची वर्ल्डकप फायनल घ्या. म्युनिक, समोर पश्चिम जर्मनी, किकऑफ हॉलंडचा. ते निवांत पास करत बसतात, क्रायफ पार मागं मिडफिल्डमध्ये येऊन बॉल घेतो आणि तिथून सुटतो तो सरळ पेनल्टी एरियात, होनेस त्याला पाडतो. नीस्केन्स पेनल्टी मारतो, १-० होतं, आणि तोपर्यंत एकाही जर्मन खेळाडूनं बॉलला पाय लावलेला नाही. पुढं फोग्ट्स त्याला चिकटला, ब्राइटनर आणि म्युलरनं गोल केले, हॉलंड २-१ नं हरलं, ते सगळं माहितीच आहे. आणि त्याच वर्ल्डकपमधला स्वीडनविरुद्धचा तो प्रसिद्ध टर्न, बॉल मागं ओढून गर्रकन वळला, डिफेंडर यान ओल्सन एकीकडं आणि हा दुसरीकडं, ती मॅच ०-० सुटली होती राव. मॅचचा निकाल कुणाच्या लक्षात नाही, टर्न सगळ्यांच्या लक्षात आहे.

म्हणजे गोल बघायचे तर ऑन्री, डोकं बघायचं तर क्रायफ, असं मी म्हणेन. यावर वाद होऊ शकतो, झालेलाही आहे, आमच्या ग्रुपवर दोघंजण यावरून काही दिवस बोलत नव्हते. पण जर्सी निवडताना नुसता खेळ बघून भागत नाही, ती अंगावर घालून चारचौघांत जायचंय.

ऑरेंजचा तोटा आधीच सांगून टाकतो. कोल्हापुरात वर्ल्डकप आला की पेठांत झेंडे लागतात ते ब्राझील आणि अर्जेंटिनाचे, हॉलंडवाला आपला एखादाच. त्यात रंग भगव्याच्या इतका जवळ की गणपतीच्या दिवसांत ती घालून बाहेर पडलात तर तुम्ही मंडळाचे कार्यकर्तेच. विसर्जनाच्या दिवशी महाद्वार रोडला मला एका काकांनी थांबवून विचारलं, ओ दादा, गाडी कुठं लावायची? मी सांगितलं कुठं लावायची. पुढच्यालाही सांगितलं. शेवटी एका खऱ्या कार्यकर्त्यानं येऊन विचारलं, तुम्ही कुठल्या मंडळाचे, तेव्हा काय सांगणार, आयाक्स तरुण मंडळ? हा त्रास तुम्हाला चालणार नसेल तर पुढं वाचायची गरज नाही, ऑन्री घ्या.

शिवाय रेट्रो म्हणून मिळते ती बहुतेक जाड कॉटनची असते. एप्रिल-मेमध्ये टर्फवर ती पंधरा मिनिटांत अंगाला चिकटते. आर्सेनलची पॉलिएस्टरची, हलकी, खेळायला कधीही बरी. हा मुद्दा सरळ ऑन्रीच्या खात्यात.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे आणि माझ्यासाठी निकाल तिथंच लागला. आर्सेनलनं १४ नंबर वाटून टाकला.

२००७ च्या उन्हाळ्यात ऑन्री बार्सिलोनाला गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, क्रायफच्या साठाव्या वाढदिवसाला, आयाक्सनं १४ नंबर कायमचा बंद केला. आणि आर्सेनलनं? जेमतेम एक सीझन थांबून वॉलकॉटला दिला. मग ऑबामेयांग. मग एन्केटिया. आता ग्योकेरेस. यातल्या कुणाबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही, वॉलकॉट तर मला आवडायचा, पण एवढ्या गोल करणाऱ्या माणसाचा, २२८ गोल, क्लबचा रेकॉर्ड, स्टेडियमबाहेर पुतळा उभा केलाय, त्याचा नंबर तुम्ही असा सहज पुढं सरकवता?

आणि याचं टोक म्हणजे जानेवारी २०१२. ऑन्री लोनवर, म्हणजे थोड्या दिवसांसाठी उसना, आर्सेनलला परत आला, एफए कपमध्ये लीड्सविरुद्ध बदली म्हणून मैदानात उतरला. सॉन्गनं पास दिला, डावी बाजू, अंग जरा उघडलं, उजव्या पायाची आतली बाजू, लांबचा पोस्ट, गोल. मध्यरात्र उलटून गेली होती आणि मी तोंडावर उशी धरून ओरडलो. मग तो हात पसरून पळत सुटला आणि कॅमेऱ्यानं पाठ दाखवली, तर पाठीवर १२. कारण १४ वॉलकॉटकडं होता. घराचा मालक परत आला आणि त्याला पाहुण्यांच्या खोलीत झोपवलं. तुम्ही म्हणाल १२ हा पण त्याचाच फ्रान्सचा नंबर, आणि त्यानं स्वतः काही तक्रार केली नव्हती. खरंय. पण मला ते खुपलं ते खुपलंच, काय करू. (तसं बघितलं तर २००९ मध्ये आयर्लंडविरुद्ध हातानं बॉल अडवून जो गोल करवला तो फ्रान्सच्या १२ नंबरनं, म्हणजे ते पाप निदान १४ च्या खात्यात नाही. तेवढंच समाधान.)

याचा जर्सीशी काय संबंध? सांगतो. माझी आर्सेनलची जर्सी काही धुण्यांनंतर अक्षरं सोडायला लागली. आधी एच गेला, मग वाय अर्धा लोंबकळायला लागला, शेवटी मी नखानं उरलेलं नावच खरवडून टाकलं. राहिला फक्त १४. आता ती घालून टर्फवर गेलो की पोरं वयाप्रमाणं विचारतात. पंचविशीतली असतील तर ऑबामेयांग का? त्याहून लहान असतील तर ग्योकेरेस. एकानं एन्केटिया पण म्हटलं, त्याचं मला कौतुकच वाटलं. ऑन्री कुणी म्हणत नाही. म्हणजे त्या जर्सीवर नाव टिकलं तरच ती ऑन्रीची, नाव गेलं की ती कुणाचीही.

ऑरेंजवर मुळात नावच नसतं, १९७४ ला पाठीवर नावं छापायचेच नाहीत, नुसता काळा १४. ती घालून मी शाहू स्टेडियमला पेठांची मॅच बघायला गेलो होतो, शेजारी बसलेले एक आजोबा, पान तोंडात, हाफटाइमला माझ्या पाठीकडं बघून म्हणाले, क्रायफ व्हय? बास. आता तुम्ही कायद्यावर बोट ठेवाल की हॉलंडच्या टीमनं कुठं १४ बंद केलाय, वर्ल्डकपला तो कुणीतरी घालतोच, २०२२ ला क्लासेन होता. मान्य. पण ऑरेंज १४ बघून क्लासेन का असं विचारणारा माणूस मला अजून भेटायचाय.

आणि क्रायफकडं नंबराचा हट्ट होता हेही मला आवडतं. १९७४ ला हॉलंडनं नंबर आडनावाच्या अक्षरांप्रमाणं वाटले, म्हणून १ नंबर खेल्स नावाच्या फॉरवर्डला आणि गोलकीपर यॉन्गब्लूडला ८. त्या हिशेबानं १ क्रायफला यायला पाहिजे होता. त्यानं १४ च घातला. पट्ट्यांचंही तेच. टीमचं किट आदिदासचं, बाहीवर तीन पट्ट्या, आणि क्रायफचा करार प्यूमाशी. मग सगळ्या टीमच्या बाहीवर तीन आणि ह्याच्या एकट्याच्या बाहीवर दोन. फक्त बार्सिलोनात त्याचं चाललं नाही, स्पॅनिश लीगच्या नियमात सुरुवातीच्या अकरांना १ ते ११ च, म्हणून तिथं ९. आणि त्याच बार्सिलोनात तीसेक वर्षांनी ऑन्री १४ घालून खेळला आणि २००९ ची चॅम्पियन्स लीग घेऊन गेला, आता बोला.

म्हणून घेताना फोटो मोठा करून बाही बघा. माझी पहिली ऑरेंज ऑनलाइन मागवली होती, ती तीन पट्ट्यांची आली, वर पाठीवर मोठ्या अक्षरांत क्रायफचं नाव छापलेलं. ती जर्सी हॉलंडच्या कुणाचीही असेल, क्रायफची नाही. परत पाठवली. विकणारा म्हणाला डिझाइन ओरिजिनलच आहे सर. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. दुसरीकडून मागवली तिला दोन आहेत, शिवलेल्या आहेत, छापलेल्या नाहीत. दोन पट्टीवाली जरा महाग पडते आणि शोधावी लागते. ऑरेंज रंग नकोच असेल तर आयाक्सची पांढरी, मधे रुंद लाल पट्टा, छातीवर जाहिरात नाही, ती पण बघून ठेवा, तिथं पट्ट्यांची भानगडच नाही आणि कार्यकर्ताही कुणी समजणार नाही.

इतकं सगळं वाचूनही मन ऑन्रीकडंच ओढत असेल तर नेहमीची पांढऱ्या बाह्यांची लाल घेऊ नका, २००५-०६ ची घ्या, हायबरी या आर्सेनलच्या जुन्या मैदानावरच्या शेवटच्या सीझनची, गडद लाल, त्यावर सोनेरी अक्षरं. ती घालूनच ७ मे २००६ ला त्यानं विगनविरुद्ध तीन गोल केले आणि गुडघ्यावर बसून हायबरीच्या गवताचा मुका घेतला होता. तो रंग त्या एकाच सीझनचा, त्यामुळे ग्योकेरेस का म्हणून कुणी विचारायची शक्यता बरीच कमी. फक्त अक्षरं टिकवायची असतील तर उलटी करून हातानं धुवा, मशीनला लावू नका, आणि इस्त्री तर अजिबात नको.

ऑरेंज घेतलीत तर एक साइझ मोठी मागवा, कॉटनची पहिल्या धुण्यात आवळते.