सोलापूरच्या उन्हात 28 वर्षे: गिअरच्या चेतकचा अनुभव

आमच्या घरची टू-स्ट्रोक बजाज चेतक स्कूटर वडिलांनी 1997 मध्ये घेतली आणि आजही ती जुळे सोलापूर ते नवी पेठ अशी रोजची फेरी मारते. इतक्या वर्षांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की, या स्कूटरचे आयुष्य तिचा पत्रा ठरवतो. इटलीच्या व्हेस्पा स्कूटरच्या घडणीवर बेतलेल्या आणि 1972 मध्ये बाजारात आलेल्या चेतकला वेगळी चासी, म्हणजे सांगाडा, नाही. पोलादी पत्र्याचे अंगच सगळा भार पेलते. इंजिन कितीही वेळा उघडून बसवता येते, पण पायाखालचा पत्रा सडला की दुरुस्तीला अर्थ उरत नाही. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत आमच्या एका नातेवाइकांची याच पद्धतीची स्कूटर बारा वर्षांत गंजून गेली. सोलापूरची कोरडी हवा मात्र पत्र्याला मानवते. शिवाय इथे नळाला रोज पाणी येत नसल्याने गाडी पाण्याने धुण्यापेक्षा कोरड्या फडक्याने पुसण्याची सवय घरात लागली आणि तिचाही फायदाच झाला.

पत्र्याला मानवणारे हेच हवामान इंजिनाची मात्र परीक्षा पाहते. सुमारे 145 सीसीच्या या टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला वंगण मिळते ते पेट्रोलात मिसळलेल्या ऑइलमधूनच, त्यामुळे लिटरमागे 20 मिलिलिटर हे प्रमाण आणि ऑइलचा दर्जा यांत तडजोड चालत नाही. हे मी एका मे महिन्यात शिकलो. पंपावर ऑइल संपले होते म्हणून वाटेतल्या एका दुकानातून सुटे ऑइल घेतले आणि तुळजापूरच्या रस्त्याला लागलो. घाटाच्या अलीकडे इंजिनाचा आवाज एकाएकी कोरडा झाला, गाडी मागून कोणी ओढून धरल्यासारखी जड झाली आणि मागचे चाक क्षणभर अडकले. लगेच क्लच दाबला म्हणून पडलो नाही. वंगण कमी पडून पिस्टन सिलिंडरात अडकला होता. बाभळीच्या अर्धवट सावलीत पाऊण तास थांबलो, तेव्हा कुठे किक खाली गेली. पुढे सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कोरून, एक साइज मोठा पिस्टन बसवावा लागला आणि महिनाभर चाळीसच्या वर वेग नेला नाही. त्यानंतर सीलबंद बाटलीतल्या ऑइलशिवाय दुसरे कधी वापरलेले नाही.

बाकीच्या तक्रारी किरकोळ असतात आणि बहुतेक रस्त्याच्या कडेलाच मिटतात. क्लचची किंवा गिअरची वायर तुटते, म्हणून दोन्ही वायरी डिकीत असाव्यात. प्लग काजळीने शॉर्ट झाला तर तो काढून पॉलिश पेपरने घासला, की बहुधा दुसऱ्या किकला गाडी सुरू होते. चाक एकाच बाजूने धरलेले असल्यामुळे नट काढले की ते हातात येते आणि स्टेपनी पुढे किंवा मागे, कुठेही बसते. पंक्चरसाठी मी आजवर कोणाची वाट पाहिलेली नाही. गाडी चढाला दम टाकू लागली तर कार्ब्युरेटर उघडण्याआधी सायलेन्सर पाहावा. आमचे मेस्त्री दोन-तीन वर्षांतून एकदा तो काढून जाळतात; आतली काजळी पापुद्र्यासारखी सुटून येते आणि इंजिन पुन्हा मोकळा श्वास घेऊ लागते.

उणिवाही सांगायला हव्यात. इंजिन उजव्या अंगाला असल्याने नव्या चालवणाऱ्याला तोल साधायला आठवडा लागतो. दोन्ही ब्रेक ड्रमचे आहेत आणि सात रस्ता चौकाच्या गर्दीत अंतर राखूनच चालावे लागते. धूर होतो, हेही खरे. लिटरला चाळीसच्या आसपास मिळणारे ॲव्हरेज आजच्या स्कूटरपुढे कमीच आहे.

अलीकडची खरी काळजी पेट्रोलची आहे. त्यात आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि जुन्या रबराला मानवत नाही. आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तर मी पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवतो. पेट्रोलची नळीही वर्षाला बदलतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, त्यासाठी एक दिवस आणि पर्यावरण कराची रक्कम बाजूला ठेवावी.

वायरी, प्लग, रबरी भाग अजून सहज मिळतात. मात्र डुप्लिकेट ऑइल सील घेऊ नये, कारण ते गेले की गिअरबॉक्सचे ऑइल इंजिनात शिरते, पांढऱ्या धुराचा लोट निघतो आणि त्या एका सीलसाठी पूर्ण इंजिन खोलावे लागते.

जुनी चेतक घ्यायची असेल तर मालकाने इंजिनाचे कितीही कौतुक केले तरी आधी पायाखालची रबरी मॅट उचलायला सांगावी, ब्रेकच्या पायडलजवळचा पत्रा पाहावा आणि तो खालच्या बाजूने पान्याने ठोकून बघावा. आवाज खणखणीत आला तरच किमतीचे बोलावे.