गजकर्णाची दीड वर्षं: औषध सुरू केल्यानंतरच्या आठ महिन्यांचा अनुभव

औषध सुरू करून आठ महिने झाले, गोळ्या थांबवून पाच. मधला अख्खा पावसाळा चिपळूणमध्येच काढला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. आमच्याकडे खरी परीक्षा जुलैत असते, चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत आणि परकर शेवटी अंगावरच वाळवायचा असतो तेव्हा.

पहिला चट्टा गेल्या वर्षी जूनमध्ये उठला. परकराच्या नाडीखाली, डाव्या कमरेला, रुपयाएवढा. कड लाल नि उचललेली, तिच्यावर बारीक खवले, मध्ये कातडी साफ. मी शाळेत शिकवते. दिवसभर उभं राहायचं, घाम सगळा कमरेशी. फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता डाव्या अंगठ्याने नाडीखाली खाजवायला मी शिकले आणि मुलांच्या लक्षात आलं नसावं असं स्वतःला सांगत राहिले.

मेडिकलमध्ये गेले. जागा सांगायची लाज, म्हणून नुसतं "खाजेचं काहीतरी द्या" म्हटलं. "बाई, ही लावा, दोन दिवसांत साफ." आणि खरोखर, दुसऱ्या रात्री खाज गायब, चौथ्या दिवशी लाली गायब. ट्यूबही स्वस्त. मी मैत्रिणीलाही तीच सुचवली, त्याचं आजही वाईट वाटतं.

ट्यूबवर काय लिहिलंय ते मी नऊ महिन्यांनी वाचलं: क्लोबेटासॉल, ऑफ्लॉक्सॅसिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. एक अतिशय कडक स्टेरॉइड, एक जिवाणूंवरचं, एक जुलाबावर देतात त्या जातीचं आणि एक बुरशीवरचं. कुठला रोग आहे ते बघायलाच नको, सगळ्यांवर एकदम गोळी झाडायची. गजकर्ण ही बुरशी. तिला बघून आपलं शरीर चिडतं, त्याचीच ती लाली नि खाज. स्टेरॉइड शरीराला गप्प करतं, बुरशीला नाही. वरून सगळं शांत, आणि खाली ती निवांत पसरत असते. दिवाळीपर्यंत एका चट्ट्याचे अकरा झाले: कमरेभोवती, मांड्यांत, मागे. काही ठिकाणी कड्याच्या आत दुसरं कडं. ट्यूब बंद केली की चार दिवसांत दुप्पट खाज, म्हणजे पुन्हा ट्यूब. 2018 मध्ये केंद्र सरकारने ही स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलंय. मला एकदाही कुणी चिठ्ठी मागितली नाही.

मधल्या काळात घरचे उपायही झाले. आत्याने टाकळ्याचं बी लिंबाच्या रसात वाटून लावायला सांगितलं. टाकळ्याला संस्कृतात दद्रुघ्न, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा, असं नाव आहे, त्यामुळे आत्याकडे आधार भक्कम होता. पण ट्यूबने पातळ झालेल्या कातडीवर लिंबू! मी पंख्याखाली साडी वर धरून अर्धा तास उभी होते. टाकळ्याची मला आवडते ती भाजीच.

एप्रिलमध्ये एकदाची त्वचारोगतज्ज्ञ मॅडमकडे गेले. त्यांनी ब्लेडच्या बोथट कडेने खवले काचपट्टीवर घेतले, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि थोड्या वेळाने मला मायक्रोस्कोपमधून पाहायला लावलं. फांद्या फुटलेले लांब धागे दिसले, तीच बुरशी. नऊ महिने कुणी नीट बघितलंच नव्हतं, तपासायला मोजून दहा मिनिटं लागली.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी ऐकून मला जरा बरंच वाटलं. पूर्वी टर्बिनाफिनच्या दोन-चार आठवड्यांत गजकर्ण जायचं, आता आपल्याकडे ते औषध पुष्कळांना लागू पडत नाही. बुरशीच बदललीय. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी भारतातल्या आणि नेपाळमधल्या रुग्णांच्या नमुन्यांवरून तिला वेगळी जात ठरवून नाव दिलं: ट्रायकोफायटन इंडोटिनी. म्हणजे दोष नुसता माझ्या अंघोळीचा नव्हता.

मला इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल दिल्या, 100 मिलिग्रॅमच्या, सकाळ-संध्याकाळ, आणि लावायला लुलिकोनॅझोलचं मलम, दोन्ही बुरशीवरची. यकृताची तपासणी सुरुवातीला आणि मध्ये एकदा. ट्यूब बंद केल्यावरचे पहिले तीन आठवडे भयंकर गेले. सगळे चट्टे पेटले, रात्री झोपेची गोळी वाटावी अशी खाजेची गोळी घ्यावी लागायची. मॅडमनी हे आधीच सांगितलं होतं म्हणून टिकले, नाहीतर पाचव्या दिवशी मेडिकलच्या पायरीवर असते.

पाचव्या आठवड्यातही फरक जेमतेम. तेव्हा मॅडमनी विचारलं, "आणखी कुठल्या गोळ्या घेता?" मी म्हटलं, काही नाही. मग आठवलं, पित्ताची. रोज उपाशीपोटी एक, कित्येक वर्षं. तिला आम्ही गोळी समजतच नाही, चहासारखीच ती. आणि इट्राकोनॅझोलची कॅप्सूल विरघळायला पोटात आम्ल लागतं, पित्ताची गोळी तेच कमी करते! इतक्या दिवसांच्या महागड्या कॅप्सूलपैकी बराचसा भाग वाया गेला असणार. पित्ताची गोळी बंद केली, कॅप्सूल भरपेट जेवल्यावरच घ्यायला लागले, आणि दोन आठवड्यांत कडा चपट्या व्हायला लागल्या. हे वाचणारं कुणी ही कॅप्सूल घेत असेल तर एवढं तरी डॉक्टरांना विचाराच.

दुसरी गोम घरातच निघाली. "घरात आणखी कुणाला?" या प्रश्नाला मी ठामपणे नाही म्हटलं होतं. जूनमध्ये यांचा पायजमा धुताना खिशात ट्यूब सापडली. तीच. जांघेत वर्षभर होतं आणि लाजेपायी बोलले नव्हते. मी रागावले खरी, पण मीही मेडिकलमध्ये जागा सांगितली नव्हतीच. मग कळलं की सासूबाईंच्याही पोटाच्या घडीत आहे. तिघांचा पंचा एकच होता, न्हाणीघराच्या खुंटीवरचा. यांना कॅप्सूल सुरू झाल्या. सासूबाईंना कोलेस्टेरॉलची गोळी चालू असल्याने इट्राकोनॅझोल देता आलं नाही, त्यांचं नुसत्या मलमावर चाललंय, हळूहळू.

कपड्यांचं सांगते, कारण कोकणात निम्मा आजार तिथेच आहे. आतले कपडे आणि परकर वेगळ्या बादलीत, कढत पाण्यात. वाळले असं वाटलं तरी उलटे करून इस्त्री, शिवणींवर आणि नेफ्यावर दाबून. जुलैत वीज जायची, त्या दिवसांत कपडे गॅसजवळ दोरी बांधून वाळवले, घरभर भाजीचा वास. नाडीऐवजी रुंद पट्टीचे परकर शिवून घेतले, आणि शाळेत चार दिवस ड्रेस, एक दिवस साडी. मुख्याध्यापकांना कारण सांगितलं नाही, कंबर दुखते म्हटलं.

कॅप्सूल चौदा आठवडे घेतल्या. चट्टे दिसेनासे झाले ते बाराव्या आठवड्यात, पुढचे दोन आठवडे मॅडमनी मुद्दाम चालू ठेवल्या. मलम सप्टेंबरपर्यंत, चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं अंतरापर्यंत. एक कॅप्सूल वीस रुपयांच्या आसपास, तपासण्या आणि फी धरून माझे एकटीचे सहा-सात हजार गेले. नऊ महिन्यांच्या ट्यूबांना त्याच्या निम्मेही लागले नव्हते, पण त्या ट्यूबांनी मांड्यांवर बाळंतपणानंतर पोटावर येतात तशा पांढऱ्या रेघा ठेवल्यात. त्या जाणार नाहीत, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं. कमरेचे तपकिरी डाग मात्र फिके होतायत.

पावसाळ्यात एकदाच, ऑगस्टमध्ये, जुन्या जागी दोन दिवस खाज आली. मी घाबरून गेले, मॅडमनी पुन्हा खरवडून बघितलं, धागे नव्हते. घामोळं निघालं. पण त्याच वेळी त्यांनी माझे पाय बघितले. डाव्या अंगठ्याचं नख पिवळट, जाड झालंय, ते मी चप्पल लागली म्हणून समजत होते. तिथेही बुरशी आहे, आणि नखातून ती पुन्हा अंगावर उतरू शकते. नखाचा कोर्स वेगळा आणि लांब. सासूबाईंचं आवरलं की जानेवारीत तो सुरू करणार आहे. तोपर्यंत पायमोजे आधी, परकर मग, या क्रमाने कपडे घालते.